प्रशिक्षणाहून आणलेली बनियन

बायकोला सांगायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी सगळं डॉक्टरांनी ठरवलं.

प्रकरण माझ्या छातीचं होतं. पुरुषाच्या मानाने ती जरा जास्तच भरलेली. (‘जरा’ हा शब्द माझा. आमच्या ऑफिसातला कॅशियर भर मीटिंगमध्ये मला ‘वहिनी’ म्हणाला होता.) घरातसुद्धा मी कधी उघडा बसलो नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कुठली औषधं घेता ते विचारलं आणि सांगितलं की व्यायामाने चरबी उतरेल, पण आतली ग्रंथी कापूनच काढावी लागेल. नंतर सूज येईल, काळंनिळं होईल, काही भाग बधिर राहील. काही आठवडे हुकांची घट्ट बनियन घालायची, वजन उचलायचं नाही, हात वर न्यायचे नाहीत. आणि ऑपरेशनला सोबत घरचं माणूस हवं.

मी ऑफिसातल्या शिपायाला नेलं. घरी सांगितलं, बाहेरगावी प्रशिक्षण आहे.

परतलो तेव्हा माझी बॅग जिन्यावरून शिपायाने आणली, तिथेच बायकोची नजर बदलली. फळीवरचा डबा मला काढता येईना. झोपायचो उताणा, ओंडक्यासारखा. आंघोळीला आतून कडी. तिने खांद्यावर हात ठेवला, तर मी पाल पडल्यासारखा दचकलो.

त्यात नर्सचा फोन आला आणि तो बायकोने उचलला. कुठून बोलतेय ते न सांगताच नर्सने आपुलकीने निरोप दिला, “मी त्यांना घातलेली बनियन रात्रीसुद्धा काढू देऊ नका.”

संध्याकाळी मेहुणा हजर. तो विमा विकतो, त्यामुळे समोरचा काहीतरी लपवतोय हे तो धरूनच चालतो. प्रशिक्षण कुठे झालं, काय शिकवलं, जेवायला काय होतं, असं त्याने खोदून खोदून विचारलं. मी म्हणालो, फायली लावायला शिकवलं. (गेली कित्येक वर्षं मी फायलीच लावतोय.)

“भावोजी, आता खरं बोला,” म्हणत त्याने माझ्या छातीवर सलगीची थाप मारली.

मी किंचाळून खालीच बसलो. बायको पांढरीफटक पडली. मेहुण्याला बाजूला सारून ती माझ्यासमोर जमिनीवर बसली.

“बाई असेल तर सांगा, मी बघून घेईन तिला,” ती हळूच म्हणाली. “पण हृदयाचं काही असेल तर लपवू नका हो.”

मग मला राहवेना. मी शर्टाची बटणं काढली आणि सगळं सांगितलं, ‘वहिनी’सकट. मेहुणा छताकडे बघत राहिला. बायको माझी बनियन चाचपून म्हणाली, “हुक चुकीचा लावलाय,” आणि तो नीट लावून दिला. पुढच्या तपासणीला तीच सोबत आली आणि डॉक्टरांना तिने माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले.

सूज उतरली. आयुष्यात पहिल्यांदा मी खांदे मागे टाकून, ताठ मानेने चालू लागलो. त्याच थाटात परवा सासुरवाडीला जाऊन आलो. घरी परतल्यावर बायको जरा घुटमळत म्हणाली, “आईने तुम्हाला पसंत केलं ना, ते तुम्ही वाकून चालायचात म्हणून. मुलगा फार विनयशील वाटला होता तिला.”

“मग?”

“आता विचारत होती, जावईबापूंना एवढा माज कशाचा आलाय?”