चाकांच्या बॅलन्सिंगबाबत एकमताने मंजूर ठराव

जी गोष्ट उद्या पुन्हा बिघडणार, ती आज नीट करणं हा शुद्ध अपव्यय होय. या थोर सत्यावर डोंबिवलीचं ट्रॅकगाडी मालक मंडळ उभं आहे. (सभासद अकरा, स्पोर्ट्स कार अकरा. शर्यतीचा ट्रॅक मात्र परराज्यात. त्याला मंडळ काय करणार?)

प्रश्न होता चाकांच्या बॅलन्सिंगचा. चाक थडथडू नये म्हणून त्याला पाच-दहा ग्रॅमचं वजन चिकटवायचं की नाही? सरचिटणीस कमलेशने तीन सभा हा विषय लावून धरला. ट्रॅकवर टायर दिवसात झिजतो, चाक तापून वजन उडून जातं, रबराचा चुरा चिकटतो तो वेगळाच. म्हणजे बॅलन्स टिकत नाही. सबब करूच नये. त्याच्या आईने, ठमाबाईने, घरी विचारलं, "मंग आंगोल तरी कनाला करतस रं? उद्याला मलतसच ना!" ठमाबाई सभासद नसल्याने ही आंघोळीची हरकत इतिवृत्तात घेता आली नाही.

ठराव मंजूर झाला. चर्चा साडेचार तास, वडापाव बावीस, विरोध शून्य.

कमलेश पडला शब्दाचा पक्का. त्याने चाकं तशीच ठेवली. एकशे चाळीसच्या पुढे स्टिअरिंग असं थडथडायचं की दातावर दात आपटायचे. (ही थरथर म्हणजे ट्रॅकने चालकाशी साधलेला संवाद होय, असा खुलासा ठरावातच होता.) बायको समृद्धी एकदाच शेजारी बसली. उतरली ती कडाडलीच, "संवाद गेला खड्ड्यात! भिंतीवर आदळलास तर तुझ्या फोटोला हार घालू का ठराव? बॅलन्सिंग न करता रविवारी ट्रॅकवर गेलास, तर मी चालले माहेरी."

कमलेशला पेच पडला. बायको सांभाळावी की पद? शेवटी चारही चाकं टेम्पोत घातली, वर ताडपत्री टाकली आणि थेट ठाण्याची वागळे इस्टेट गाठली. डोंबिवलीत कोणी पाहिलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

गॅरेजवाल्या दगडूशेठनी ताडपत्री उचलली. "या, तुमचीच वाट बघत होतो. तुमच्या मंडळाचे बाकीचे दहाही जण येऊन गेले. सगळे असेच, ताडपत्री घालून."

"कधी आलेले?"

"ठरावाच्या दुसऱ्या दिवशी. दोघं तर ठरावाच्या आदल्या दिवशीच."

अर्ध्या तासात काम झालं. कमलेशला मात्र फार लागलं. एकालाही फोन करावासा वाटू नये? उद्या मी मेलो असतो, तर मेल्यांनी शोकप्रस्तावही एकमतानेच केला असता!

रविवारी गाडी लोण्यासारखी पळाली. पुढच्या सभेत सगळ्यांचं पितळ उघडं पाडायचंच, असं ठरवून तो उभा राहिला. ते दहा चेहरे त्याच्याकडे अत्यंत शांतपणे पाहत होते. कमलेशने घसा खाकरला आणि मूळ ठराव कायम करण्याची सूचना मांडली. टाळ्या झाल्या.

सभेनंतर कळव्याहून आलेला नवा, बारावा सभासद नयन जवळ आला. "दादा, माझं स्टिअरिंग लय हलतंय. भीती वाटते. बॅलन्सिंग करून घेऊ का?"

"अरे, काही गरज नाही रे," कमलेश त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "बिनधास्त दाब."

आला ना कमलेशचा राग? यायलाच हवा. परवा सोसायटीतल्या नव्या भाडेकरूने तुम्हाला विचारलं, टाकीचं पाणी पिण्यासारखं आहे का. "एकदम फर्स्टक्लास," म्हणालात तुम्ही, आणि हातातल्या ग्लासातून आपल्या घरच्या फिल्टरचं पाणी प्यायलात.