केळुसकर सर दुर्बीण शिकतात

मंगळवार, दुपारची सुट्टी. परळच्या आमच्या हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरशेजारच्या खोलीत हजर: साठीला आलेले सर्जन डॉ. केळुसकर; त्यांचाच विद्यार्थी डॉ. निलेश, थिएटरची सिस्टर म्हणून मी, आणि बुटांच्या खोक्यात एक मोसंबं.

खोक्याच्या भोकांतून दोन लांब चिमटे आत घालून, समोरच्या टीव्हीत बघत सर मोसंबं सोलत होते. हात डावीकडे नेला की आतला चिमटा उजवीकडे जाई.

"अरे गाढवा, तिकडे कुठे?" सर स्वतःच्याच हातावर ओरडले.

सरांचं नाव मोठं, टाकेही मोठे. दुर्बिणीची ऑपरेशनं आली तेव्हा म्हणाले होते, "टीव्ही बघून ऑपरेशन? उद्या रेडिओ ऐकून बाळंतपणं करा!" मदतनीस चुकला की त्याच्या बोटांवर चिमट्याचा फटका बसे. निलेशने ते भरपूर खाल्लेले. आता शिकवणारा तोच.

"सर, जरा वर घेतलं तर..."

"जरा काय जरा? चुकलं की मार बोटांवर!"

निलेश गुपचूप मोसंबं खाई. सोललेला माल संपवणं आमच्याकडे होतं.

हे सगळं लालबागच्या इंदूबाईंमुळे. संपात नवऱ्याची गिरणी गेली, तेव्हापासून घर त्यांच्या खानावळीवर. पित्ताशयात खडे. सर म्हणाले, पोट उघडून ऑपरेशन, नंतर दीड महिना जड उचलायचं नाही.

"पयली ह्यांका गिरणीत रजा गावायची. माका भाताचो टोप रजा देतलो?" म्हणत बाई उठून गेल्या आणि दुखणं अंगावर काढत राहिल्या. सरांनी त्याच आठवड्यात खोका मागवला.

शेवटी इंदूबाईंचं दुखणं वाढलं. सरांनी निरोप धाडला: या, बारीक भोकांतून करू, टोप लवकर उचलाल.

ऑपरेशनच्या सकाळी मी हत्यारं सरांच्या हाताशी मांडली. सर आले आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

"निलेश, तू कर. माझा हात अजून बसलेला नाही. मी कॅमेरा धरतो."

कॅमेरा धरणं हे सगळ्यात नवख्या डॉक्टरचं काम. मध्येच निलेश भान विसरून खेकसला, "कॅमेरा हलतोय!"

थिएटर गार.

"सॉरी, सर." हे केळुसकर सर म्हणाले.

इंदूबाई थोड्याच दिवसांत शेगडीपुढे उभ्या राहिल्या. "केळुसकर डॉक्टरांच्या हाताक गुण आसा," असं गिऱ्हाइकांना सांगतात. सरांनी दोनदा निलेशचं नाव सांगून पाहिलं. बाई ऐकत नाहीत.

सरांच्या हातचं दुर्बिणीचं पहिलं ऑपरेशन अजून व्हायचं आहे.