बाळूच्या मागचे मामा

महादेवमामा यंत्राला कधी पाठ दाखवत नाहीत. आमच्या दवाखान्यात पाण्याचा फिल्टर बसला तेव्हापासूनची ही रीत. ग्लास भरायचा आणि फिल्टरकडे बघत बघत मागं सरकायचं. असंच सरकताना एकदा त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या पायावर पाय दिला, आणि वर डॉक्टरांनाच म्हणाले, "तुमी मागं कशाला उभारलाव?"

मी याच दवाखान्यात तळमजल्यावर औषधांचं दुकान सांभाळते. जुळे सोलापुरातून स्कूटीवर येते, दिवसभर बिलं करते आणि डोकं शाबूत ठेवायचा प्रयत्न करते. मामा वैरागचे. वॉर्डातून चिठ्ठी आली की माझ्याकडून औषधं घ्यायची आणि वर पोचवायची, हे त्यांचं काम. कामाला चोख माणूस, पण संशयी म्हणजे किती असावं? मी दिलेली गोळ्यांची पट्टी उजेडात धरून बघणार. मी नवीन पेन काढलं तरी जुन्याला काय झालं म्हणून चौकशी करणार. जगातल्या यच्चयावत गोष्टींवर त्यांचं एकच मत ठरलेलं: "ह्यात गोम हाय, ताई." लिफ्ट लवकर आली तरी गोम, उशिरा आली तरी गोम. एकदा कुणा पेशंटच्या भावानं त्यांना आपणहून चहा पाजला, तर मामा दिवसभर त्या बिचाऱ्याच्या पाळतीवर होते.

अशा माणसाच्या दवाखान्यात रोबो आला.

कमरेएवढं पांढरं कपाट, खाली चाकं, वर डोळ्यांसारखे दोन निळे दिवे. मी औषधं त्याच्या खणात ठेवायची, वॉर्डाचं बटण दाबायचं, की तो आपला आपण लिफ्ट बोलावून वर जाणार आणि तिथल्या सिस्टर खण उघडून औषधं घेणार. कंपनीनं त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं, ते कुणाच्याच तोंडात बसेना. सिस्टरांनी त्याचं नाव बाळू ठेवलं. मामा मात्र "ते" म्हणायचे. "ते" आलं की बोलणं बंद करायचे. दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी त्याला आपलं ऐकायला पाठवलंय, अशी त्यांची खात्रीच होती.

खंडेनवमीला आम्ही दवाखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो. एक्स-रेला हार, लिफ्टला हार, मग बाळूनं काय घोडं मारलंय? सिस्टरांनी त्याला झेंडूचा चांगला घसघशीत हार घातला. फुलं नेमकी त्याच्या बघायच्या काचेवर आली आणि बाळू वाटेत मध्येच थिजला. आम्ही बटणं दाबतोय, कंपनीला फोन लावतोय, आणि मामा लांबून सांगतायत, "नाटकं हायती सगळी. त्याला नारळ पायजे." तेवढ्यात कुणीतरी हार काढला आणि बाळू चालायला लागला. नारळाचं नाव काढलं म्हणूनच हललं, असं मामा आजही सांगतात.

त्यानंतर मामांनी नवीनच उद्योग काढला. बाळू निघाला की मामा त्याच्या मागं. हात पाठीशी बांधून, नजर त्याच्यावर रोखून, लिफ्टमध्ये, वॉर्डात, परत लिफ्टमध्ये. लोक हसायचे. साहेबांचं मात्र रक्त आटायला लागलं. यंत्राच्या मागं माणूसच फिरवायचा तर यंत्र घेतलं कशाला, हे त्यांनी मला विचारलं, सिस्टरांना विचारलं, भिंतीलासुद्धा विचारून झालं. शेवटी त्यांनी मामांना बजावलं की पुन्हा मागं दिसलात तर तळघरात लॉन्ड्रीत पाठवीन, चादरींच्या घड्या घालत बसा, मग वॉर्डात पाय ठेवायचा नाही. मामा "बरं" म्हणाले आणि तिथूनच बाळूच्या मागं लिफ्टमध्ये शिरले.

मला असा राग आला की विचारू नका. एवढ्या वर्षांचा माणूस आणि नसत्या हट्टापायी हातचं काम घालवतोय. दुपारी दुकानात गर्दी नव्हती, तशी वर गेले. म्हटलं, आज खडसावतेच.

दुसऱ्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड आहे. बाळू सिस्टरांच्या टेबलापाशी थांबला. औषधं उतरली, खण मिटला. मग बातम्या वाचणाऱ्या माणसाच्या आवाजात तो म्हणाला, "औषधे पोहोचली आहेत. मी जातो."

लगेच मामा मागून अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले, "येतो म्हणतंय बरं का ते. नवीन हाय अजून. चालाय शिकलंय, बोलाय शिकलं न्हाय."

खाटांवरच्या बायका माना डोलवत होत्या. अक्कलकोटकडची एक आजी मला सांगायला लागली की पहिल्या दिवशी ते 'जातो' ऐकून ती देवाचं नाव घेत उठूनच बसली होती. घराच्या उंबऱ्यातसुद्धा आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि हा बाळू आजारी माणसांच्या खाटांमधून दिवसभर 'जातो, जातो' करत फिरत होता.

म्हणजे मामा एवढ्यासाठी त्याच्या मागं होते! मी त्यांना लिफ्टपाशी गाठलं. म्हटलं, मामा, एका शब्दासाठी वॉर्ड सोडायची वेळ आणलीत. बोलण्यानं कधी कुणी मरतं का?

"न्हाय मरत," मामा म्हणाले. "मला कळतंय की."

मग त्यांनी वॉर्डाच्या टोकाला, खिडकीजवळच्या खाटेकडे बोट दाखवलं. त्यांची बायको, सुशीलामामी, आजारी असताना तिथं होती. मी इथं लागायच्या आधीची गोष्ट. मामा ड्युटी करता करता तिच्याजवळ बसायचे. एकदा खालून औषधासाठी हाक आली आणि घाईत ते 'जातो' म्हणून गेले.

"ती म्हनली, येतो म्हना. मी तवर दारातनं भाईर." मामा म्हणाले. "ट्रे घेऊन वर आलो तर खाटंला पडदा लावलेला. तेवढं म्हनायचं ऱ्हायलं बगा."

माझा राग कुठल्या कुठं पळाला. खडसावायला आलेली बाई मी, पदरानं डोळे पुसत उभी राहिले. लिफ्ट आली आणि तशीच निघून गेली.

साहेब शब्दाचे पक्के निघाले. दुसऱ्या दिवशी मामा लॉन्ड्रीत. जाताना माझ्याकडे आले आणि म्हणाले की माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण त्याचं बोलणं तेवढं सुधारा, आता मागनं सांगाय कोन न्हाय. मी कंपनीत फोन लावला. तिथली इंजिनियर मुलगी म्हणाली, त्यात काय अवघड आहे, हवं ते वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा.

आधी मी बोलून बघितलं. मामांनी नापास केलं. "तुमी बिल सांगितल्यावानी बोलताय." सिस्टर बोलल्या, तर म्हणे इंजेक्शन टोचल्यावानी. मग तुम्हीच बोला म्हटल्यावर मामांना घाम फुटला. आवाज घेऊन ती लोकं पुढं काय करतील, काय नेम? मोबाइल उलटासुलटा करून बघितला, दुकानाचं दार लावून घेतलं, मला तोंड फिरवायला लावलं. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. मागून आवाज आला तो मी कधी न ऐकलेला, दारात चपला घालता घालता घरातल्या माणसाकडे वळून बोलावं तसा.

"औशीद दिलं. येतो बरं का."

आता बाळू सगळ्या दवाखान्यात तेच म्हणत फिरतो. बायकांच्या वॉर्डात कुणी ना कुणी "ये बाबा" म्हणून उत्तर देतं.

मामांचा संशय काही गेला नाही. जेवणाच्या सुट्टीत तळघरातून वर येतात. बाळू माझ्या दुकानाशेजारी चार्जिंगला असतो, त्याच्यासमोर उभे राहून त्याला वरखाली न्याहाळतात.

"माज्या आवाजात दुसरं काय बोलत न्हाय नव्हं?"

"नाही हो मामा."

"आन खिडकीपतूर ऐकू जातं?"

काल हे विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. मी मुद्दाम वर जाऊन त्या खाटेपाशी उभी राहून ऐकलं होतं. "स्पष्ट ऐकू जातं," म्हटलं.

मामांनी मान हलवली. "मग झालं. येतो, ताई."

"या, मामा."

मग ते वळले आणि बाळूकडे पाठ करून सरळ जिन्याकडे चालत गेले.