मावशींच्या वाचनाकारणे देवघेवीच्या टेबलापाशी जाहलेल्या रणाची हकिकत

तमाम वाचकमंडळीस विदित व्हावे. मोठमोठ्या लढायांच्या हकिकती लिहिणारे बहुत झाले, परंतु ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलापाशी जे तुंबळ युद्ध माजले ते लिहिण्यास कोणी लेखणी उचलली नाही, सबब आम्ही उचलली. घडले तेच लिहिले आहे. आमचा कल मावशींकडे आहे तो लपविलेला नाही, आणि कोणास राग आल्यास त्याने आपली वेगळी बखर लिहावी.

ते समयी ग्रंथालयाची मुखत्यारी ग्रंथपालबाईंकडे होती. त्यांच्या पदरी तिघे नामांकित सरदार, ते ऐसे: रहस्यकथांच्या कपाटाचे किल्लेदार भाऊ, कादंबऱ्यांच्या मुलुखाच्या कारभारीण ताई, आणि प्रवासवर्णने व विज्ञानकथा या दोन्ही सुभ्यांचे सुभेदार नाना. बाईंचा दस्तूर सक्त होता की, नवे पुस्तक पदरच्या कोणी तरी अथपासून इतिपर्यंत वाचल्याखेरीज वाचकाच्या हाती जाणे नाही. तेणेकरून तिघेही जेवणाच्या सुट्टीत वाचीत, आणि जिन्यात वाचीत, आणि नाना तर दाढी करतानाही वाचीत, आणि मग एकमेकांची पुस्तकेही खोड काढण्याच्या मिषाने घरी नेऊन वाचीत. एवढे वाचून गप्प बसणे त्या तिघांच्या रक्तात नव्हते.

ऐशात मावशींची स्वारी आली. मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त जाहलेल्या, कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हेत, परंतु अवघे ग्रंथालय त्यांस मावशीच म्हणे. त्यांनी एखादे पुस्तक बरे म्हटले की ते घरोघर फिरून शिवण उसवूनच परत येई. त्यांच्या डोळ्यांचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, आणि डॉक्टरांनी थोडेथोडे वाचण्याची परवानगी दिली होती. टेबलावर आपले कार्ड ठेवून त्या हळूच बोलल्या, "अक्षरं आता लख्ख दिसतात हो, पण मनच लागत नाही. घरची दोन पुस्तकं अर्धी टाकली. एकच द्या, चांगलं. नाही रमले तर हे कार्ड तुमचं तुम्हाला." हे ऐकून बाईंच्या पायांखालची जमीन सरकली. आम्हांसही खरेच वाईट वाटले, कारण पुस्तकावाचून मावशी ही कल्पनाच करवत नाही.

मग बाईंचा हुकूम सुटला की, तिन्ही सरदारांनी आपापले नवे उमदे पुस्तक घेऊन तत्काळ रुजू व्हावे, आणि तिघे धावत रुजू जाहले. भाऊंनी आघाडी धरली आणि नव्या रहस्यकथेची ऐसी तारीफ केली की, दंतवैद्य आपल्याच खुर्चीत मेलेला, आणि तोंड उघडे, आणि दार आतून बंद, आणि पुस्तक एकदा धरले की गॅसवरची भाजी करपली तरी सोडवत नाही. मावशींची मान किंचित पुढे जाहली. भाऊंची फत्ते समीप आली, तोच ताईंना राहवले नाही आणि त्या बोलून गेल्या, "कंपाउंडरने मारलाय. मला निम्म्यातच कळलं होतं."

येथून रणास तोंड फुटले. ताईंनी कादंबरी पुढे केली, ती दोन जावांची, मधे एक भिंत आणि वर्षानुवर्षांचा अबोला. मावशी "हं" म्हणाल्या न म्हणाल्या, तोच भाऊंनी सूड उगविला की, अखेरीस भिंत पडते आणि दोघी मिळून लाँड्री काढतात. मग नाना वाळवंट सायकलीवर ओलांडणाऱ्या गृहस्थास घेऊन मैदानी उतरले. तेव्हा भाऊ आणि ताई यांनी आपसांत उभ्याउभ्या तह केला, आणि दोघांनी मिळून जाहीर केले की सायकल चोरीस जाते आणि गृहस्थ बसने घरी येतो. यावर नानांचा तोल ऐसा सुटला की, कोणी न विचारता त्यांनी आपल्याच विज्ञानकथेवर तोफ डागली. म्हणाले, "यानाचा कप्तान माणूस नाहीच, यंत्र आहे. घ्या, तेही सांगून टाकलं."

निदानी खासा बाई कवितासंग्रह घेऊन रणात उतरल्या. मनसुबा हा की, कवितेस शेवट नसतो, सबब फितुरीचे भय नाही. तरी भाऊ पुटपुटलेच, "शेवटच्या कवितेत तो तिला फोन करतो."

मग कोणी कोणाकडे पाहीना. मावशींनी कार्ड बोटाने बाईंकडे सरकविले, आणि ते करताना त्यांची नजर बाईंच्या कोपरापाशी गेली. तेथे त्याच दिवशी आलेले एक पुस्तक होते, शिक्का अजून ओला.

"ते कुठलं?"

"ते नाही देता येणार, मावशी. आमच्यात कोणीच वाचलेलं नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही. कशाबद्दल आहे तेसुद्धा माहीत नाही."

"मग तेच द्या," मावशी म्हणाल्या.

बाईंनी एकवार आपल्या दस्तुराकडे पाहिले आणि एकवार त्या कार्डाकडे पाहिले, आणि आपल्या हाताने आपला कायदा मोडून पुस्तक मावशींच्या हाती दिले. वर फर्मान काढिले की, हे पुस्तक परत येईतो त्याविषयी कोणी तर्कही करू नये.

मावशी घरी न जाता वाचनकक्षात खिडकीपाशी बसल्या, आणि वाचू लागल्या, आणि डॉक्टरांनी नेमून दिलेले थोडेथोडे केव्हाच मागे पडले. सरदारांची जी अवस्था जाहली ती वैऱ्याचीही न होवो. मावशी मधेच हसल्या, तेव्हा का हसल्या ते कळेना. मधेच तोंडावर हात ठेविला, तेव्हा तिघे कपाटाआडून ताटकळत पाहत राहिले. विचारावे तर फर्मान आडवे, न विचारावे तर जीव जातो.

मग ग्रंथालय बंद करण्याची वेळ जाहली आणि नाना रिवाजाप्रमाणे दिवे मालवीत खिडकीपर्यंत आले. मावशींनी मान वर न करता एक बोट उभे केले आणि पान उलटले.

तेव्हा बाईंनी मालविलेले सर्व दिवे पुन्हा लावविले, आणि भाऊ, ताई, नाना व खासा बाई घरी उशीर कळवून तेथेच खुर्च्या ओढून बसले. येणेप्रमाणे मावशींचे मन रमले आणि फत्ते जाहली. पुस्तकात काय होते ते बखरकारास ठाऊक आहे, परंतु सांगणार नाही. मोर्तब केले असे.