हॉर्नचा फुगा

कॉम्प्युटरमधली धूळ कशी काढायची, हे मरोळमध्ये आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं गुणाजीचं ठाम मत होतं. त्या काळी मरोळमध्ये कॉम्प्युटर तरी किती होते म्हणा! कारखान्यात नुकताच एक आला होता. त्याला काचेची केबिन, एसी, आणि आत जायचं तर चपला बाहेर. घाटकोपरचे एक बडे शेठ तो बघायला येणार होते. तोवर मशीन ठणठणीत राहिलं तर गुणाजी ऑपरेटर, नाहीतर परत स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला, असं साहेबांनी बजावलं होतं.

शेठ यायच्या दिवशी सकाळीच त्याने मशीन बंद करून झाकण उघडलं. आत ही धूळ! मऊ ब्रशने झटक, असं टायपिस्ट नलिनी म्हणाली. पण ब्रश काय, कोणीही मारेल. गुणाजीला हवाच मारायची होती. रंगखात्यातला कॉम्प्रेसर त्याने आधी रुमालावर मारून पाहिला, तर तेलपाण्याचे शिंतोडे उडाले. बाद. केस वाळवायचा ड्रायर गरम. तोही बाद. शेवटी त्याला रिक्षाच्या हॉर्नचा रबरी फुगा सुचला. ना तेल, ना पाणी, ना आच. झकास! नाक्यावरून कोरा करकरीत फुगा आणला, त्याचं तोंड मशीनमध्ये खुपसलं आणि दाबला.

नवं रबर आतून चिकटू नये म्हणून त्यात शंखजिऱ्याची पांढरी पूड टाकतात, हे दुकानदार बोलला नव्हता. क्षणात कॉम्प्युटरचा कॅरमबोर्ड झाला. गुणाजीच्या भुवया पिकल्या. वाट लागली! नटबोल्ट डोळ्यांपुढे नाचू लागले आणि त्याला रडूच आलं.

तेवढ्यात साहेब शेठना घेऊन आत आले. हे पांढरं काय, म्हणून साहेबांनी विचारलं.

"पूजा केली, साहेब," नलिनी म्हणाली. "भस्म लावलंय."

शेठनी भक्तिभावाने हात जोडले. मग नारळ कुठाय म्हणाले. शिपाई धावत नारळ आणि हातोडी घेऊन आला. शेठनी नारळ थेट उघड्या मशीनवर धरला आणि हातोडी उचलली.

"शेठ, पाणी!" गुणाजी ओरडला आणि मशीनवर पालथा पडला. नारळ फुटला तो त्याच्या डोक्यावरच, सगळं पाणी तिथेच सांडलं. शंखजिऱ्याची चटणी झाली.

शेठ हेलावले. मशीनला इतका जीव लावणारा हा कोण, त्यांनी विचारलं.

"आमचा ऑपरेटर," साहेब म्हणाले.

मंडळी गेल्यावर नलिनीने ब्रश पुढे केला. गुणाजीने दुपारभर झटकलं, मग भीतभीत बटण दाबलं. स्क्रीन उजळला. त्याने कॉलर ताठ केली.

"बघ नलिनी," तो म्हणाला, "ब्रशच बरा. मी पहिल्यापासून सांगत होतो."