राणीमाशीमाशीमाशी

पाणीपुरवठा ऑफिसातल्या हेडक्लार्कला पंचेचाळिसाव्या वर्षी कमांड लाइनचं वेड लागलं. काळी खिडकी उघडायची, एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, की तीनशे फायलींची नावं एका फटक्यात बदलून तयार. माउस धरणाऱ्या माणसांची त्याला हल्ली कीव यायची. (स्वतः शिकून पंधराच दिवस झाले होते.)

त्या दिवशी बायकोचा मधमाश्यांवरचा प्रबंध बाराच्या आत तिच्या गाइडबाईंकडे पोचायचा होता. संध्याकाळी विद्यापीठाची मुदत संपत होती. एकच दुरुस्ती उरलेली. बाईंचं म्हणणं, नुसतं ‘राणी’ नको, सगळीकडे ‘राणीमाशी’ हवं.

“अंघोळ करून आले की बसते,” बायको म्हणाली. “तुम्ही हात लावू नका.”

सात वर्षं ही बाई माश्यांमागे धावली, एवढं तरी आपण करावं, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने ‘सेड’ नावाचं फुकट मिळणारं अवजार काढलं आणि ‘राणी दिसली की राणीमाशी कर’ असा हुकूम अख्ख्या प्रबंधावर सोडला. पडद्यावर काहीच आलं नाही. त्याने हुकूम पुन्हा सोडला. तरी चिडीचूप. मग तिसऱ्यांदा. (ही अवजारं काम फत्ते झालं की गप्प बसतात, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं.) वर हौसेने त्याने प्रबंध बाईंना मेलही करून टाकला.

दहा मिनिटांत बाईंचा फोन आला.

“ती अंघोळीला गेलीय,” तो म्हणाला.

“मग तुम्हीच सांगा. प्राणीमाशीमाशीमाशी हा कुठला कीटक?”

‘प्राणी’च्या पोटात ‘राणी’ दडलेली असते, हे जन्मभर मराठी बोलून त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

“ऋणनिर्देशात लिहिलंय,” बाई शांतपणे वाचू लागल्या, “‘माझे पती म्हणजे एक सोशीक प्राणीमाशीमाशीमाशी.’ परीक्षकांनी यातून काय समजायचं?”

बायको केस पुसत बाहेर आली. त्याने अडखळत सगळं सांगितलं.

“उलटा हुकूम सोडतो,” तो घाईघाईने म्हणाला. “सगळ्या माश्या काढून टाकतो.”

“सगळ्या? मधमाश्यांच्या प्रबंधातून?”

त्याला बाजूला सारून ती बसली. तीच काळी खिडकी उघडली आणि तिची बोटं अशी चालू लागली की तो थक्क होऊन बघतच राहिला.

“तुला हे येतं?”

“पहिल्या प्रकरणापासून यातच लिहितेय. प्रत्येक वेळची प्रत हे सांभाळून ठेवतं.”

एका ओळीत जुना प्रबंध परत आला. दुसरीत फक्त सुटी ‘राणी’ तेवढी बदलली. पावणेबाराला मेल गेला.

मग त्याने वाकून तिच्या जपून ठेवलेल्या प्रतींची यादी पाहिली. प्रत्येक प्रतीसमोर, ती का ठेवली, याची तिने टीप लिहिली होती. सकाळी सव्वाअकराच्या प्रतीसमोर लिहिलं होतं :

‘अंघोळीला जातेय. हे घरात आहेत.’