माशाचा नारू

जनावर कधी विणार हे नुसतं बघून सांगावं तर दुबलगुंडीच्या भीमण्णाच्या घराण्यानंच. गोठ्यात पाऊल न टाकता, दारातूनच तो म्हणायचा, "आईतवारी सांजेला," आणि आईतवारी सांजेला रेडकू धडपडत उभं राहिलेलं असायचं. त्यामुळं एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत सोनकांबळे सरांनी त्याला चार माशांवर लक्ष ठेवायला सांगितलं, तेव्हा त्याला हसूच आलं.

"सर, तुमी बिनघोर जावा. ज्याला म्हशीचं कळतंय, त्याला बोटभर माशाचं कळंना व्हय?"

नागनाथ सोनकांबळे सर चिटगुप्प्याच्या रस्त्यावरच्या नव्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. भीमण्णा त्यांच्या प्रयोगशाळेतला अटेंडर, पण तीन वर्षं झाली तरी टेंपरवारीच. येत्या जूनमध्ये त्याला पक्कं करायचं की घरी पाठवायचं, हे ठरणार होतं.

मासे मूळचे जपानकडचे. सरांच्या कलकत्त्याच्या मित्रानं ते पत्र्याच्या डब्यातून पाठवलेले. नाव बिटरलिंग. नावात लिंग ऐकून भीमण्णानं आधी हात जोडले.

"अरे, ते तसलं न्हाई," सर म्हणाले. "बिटर म्हंजे कडू. चवीला कडू असतोय म्हणून."

तीन पिढ्यांत घरात कुणी मासा चाखलेला नव्हता. कडू म्हणजे चांगला की वाईट, हे भीमण्णाला उमगेना. पण विचारायला वेळ नव्हता, कारण सरांना पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी म्हैसूरची गाडी गाठायची होती. बॅग उचलता उचलता ते एवढंच बोलले, "दोन वेळा खायला घाल. टाकीच्या तळाच्या चार शिंपल्यांना हात लावू नको. अंडी घातली की तार कर."

अंडी कुठं घालतात, कशी घालतात, यातलं काही ते बोलले नाहीत. सगळा घोटाळा तिथंच झाला.

तिसऱ्या दिवशी एक मासा गुलाबी पडायला लागला. पोटाजवळ लाली, डोळ्यात लाली. भीमण्णाला वाटलं, माशाला ताप आलाय. चौथ्या दिवशी त्यानं दुसरा मासा बघितला. ती मादी होती, आणि तिच्या पोटाखालून एक करडा दोरा लोंबत होता. मासा दोन बोटं, तर दोरा तीन बोटं.

भीमण्णानं झाडलोट करणाऱ्या बसव्वाला हाक मारली. तिनं कंबरेवर हात ठेवून काचेतून बघितलं.

"नारू हाय," ती म्हणाली.

"मला बी तसंच वाटायलंय अक्का. पण माशाला नारू?"

"पायऱ्याच्या हिरीत माणूस घोटाभर उतरतंय, तर त्याला होतोय. ह्ये तर जल्मभर पाण्यातच हाय."

भीमण्णाला ते पटलं. लहानपणी त्याच्याच पायातून आई पार्वतम्मानं काडीवर गुंडाळत गुंडाळत, रोज बोटभर, असा बावीस दिवसांत नारूचा लांब जंत काढला होता. दोरा तुटला तर पाय सडतो, हे त्याच्या हाडात बसलेलं. त्यानं मासा फुलपात्रात घेतला, काड्यापेटीतली काडी काढली आणि बसव्वाला म्हणाला, "तू डोकं धर."

"कुठलं डोकं? सगळं मिळून शेंगेएवढं हाय."

मासा दोनदा निसटला, एकदा बसव्वाच्या पदरात पडला. दोरा काही काडीवर बसेना. शेवटी त्यांनी त्याला पाण्यात परत सोडलं, आणि मग जे झालं ते भीमण्णानं आपल्या डोळ्यांनी बघितलं. ती मादी सरळ तळाच्या एका शिंपल्यावर गेली, डोकं खाली करून उभी राहिली आणि झटक्यात तिचा दोरा शिंपल्याच्या फटीत गेला. लगेच बाहेर आला. गुलाबी मासा धावत येऊन त्याच शिंपल्यावर थरथरला.

"शिंपला चावला तिला," बसव्वा म्हणाली.

भीमण्णाला दुसरं काही सुचलंच नाही. शिंपला नारू ओढायलाय, मधेच तुटला तर मादी सडणार, सडली तर जूनमध्ये आपण घरी. सरांनी हात लावू नको म्हटलं होतं, पण जिवावर बेतल्यावर शब्द काय धरायचा? दिवसभर विचार करून संध्याकाळी त्यानं चारही शिंपले बादलीत काढले आणि मागच्या बागेच्या हौदात नेऊन सोडले. टाकीचं पाणी धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून घेतलं.

सकाळी बघतो तर दोरा आखडून तिळाएवढा राहिलेला. भीमण्णानं मनातल्या मनात बसवेश्वराला नमस्कार केला आणि पोस्टात जाऊन तार केली: मादीला नारू झाला होता, शिंपले काढले, आता बरी आहे, अंडी नाहीत.

इकडं बसव्वानं ती बातमी एका शब्दानं कमी करून सगळीकडं पोचवली. ‘कॉलेजच्या पाण्यात माशाला नारू’ यातला मासा गळून पडला. दुपारपर्यंत पोरींनी माठाला हात लावणं सोडलं. प्रिन्सिपॉल वीरभद्रप्पांनी सगळ्यांना अंगणात उभं करून स्वतः दोन तांबे पाणी पिऊन दाखवलं, पण तिसऱ्या तांब्याला त्यांचाही हात जरा थांबला. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस आला. त्यानं भीमण्णाचे दोन्ही पाय तपासले, विहिरीत औषध टाकलं, आणि पाण्यातले बारीक किडे खातात म्हणून बागेच्या हौदात ओंजळभर गप्पी मासे सोडून गेला.

तिसऱ्या दिवशी शिबिर अर्धं टाकून सर उतरले. त्यांचे डोळे तारवटलेले होते.

"शिंपले कुठं हायत?"

"सर, आधी मादी बघा. ठणठणीत हाय."

"भीमण्णा, तो नारू नव्हता. ती अंडी घालायची नळी होती. ही जात जित्या शिंपल्याच्या पोटात अंडी घालतीय. पिल्लं महिनाभर तिथंच वाढतात, आतल्या आत, कुणी खाऊ नये म्हणून. ह्यांच्या कैक जाती हायत, आणि प्रत्येकीची शिंपल्याची आवड येगळी. हळ्ळीखेडच्या तळ्यातला शिंपला ह्या परदेशी माशाला चालतोय का, हेच तर मला बघायचं होतं."

भीमण्णा स्टुलावर बसला. "मग शिंपल्याचा ह्यात काय फायदा?"

"शिंपला बी आपली पिल्लं माशांच्या कल्ल्याला चिटकवून लांब धाडतोय."

"म्हंजे माशाची लेकरं शिंपल्याकडं, अन् शिंपल्याची लेकरं माशाकडं?"

"व्हय."

"मग ज्याची त्यानंच कामून सांभाळली न्हाईत?"

सर दाराकडं वळले. एम. एस्सी.ला त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

दोघं हौदावर गेले. शिंपले गाळात रुतून बसलेले. आता हलवले तर आतली अंडी बाहेर फेकतील, म्हणून सरांनी ते तिथंच राहू दिले. भीमण्णा रोज सकाळ-संध्याकाळ हौदाच्या कडेला उकिडवा बसायला लागला. सव्विसाव्या दिवशी पाण्यात जिऱ्याएवढी पिल्लं दिसली. तो धावत सरांना घेऊन आला. पण गप्पी माशांनाही तोवर लेकरं झालेली, आणि जिऱ्यातून जिरं निवडावं तसं ते काम होतं. फडक्यानं गाळून एकतीस पिल्लं धरली आणि बरण्यांत वाढवली.

महिना गेला, दुसरा गेला. एकेका पिल्लाला रंगीत शेपूट फुटत गेलं. गप्पी. गप्पी. पुन्हा गप्पी. नवव्या बरणीतलं एक मात्र चपटं, रुंद, चांदीसारखं झालं आणि शेपटाकडं एक निळी रेघ उमटली. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"भीमण्णा, हळ्ळीखेडच्या शिंपल्यातनं जपानचा मासा निघाला."

"मग छापायला लिवा की सर."

"एकावरून काय लिवू? अन् अंडी घातल्याची तारीख पायजे, पुरावा पायजे."

"तारीख हाय की. माझी तार हाय."

"त्या तारेत नारू लिवलंय."

 मग सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि माशाला चिमूटभर खाणं टाकलं.

जूनमध्ये वीरभद्रप्पांनी भीमण्णाला बोलावून फेब्रुवारीत नेमकं काय झालं ते विचारलं. भीमण्णानं या वेळी काहीही न चुकता सांगितलं: नळी, शिंपला, गुलाबी नवरा, एकमेकांची लेकरं, सगळं. साहेब शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग पाण्याचा पेला हातानं जरा लांब सारून त्यांनी कागदावर सही केली.

भीमण्णा पक्का झाला. पण ग्रंथालयात. तिथं ओलं असं काहीच नव्हतं.